निफ्टीची व्होलॅटिलिटी किती? एकाच संध्याकाळचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर

मृदुला_द (धागाकर्ती)

जून २०२४ चा पहिला आठवडा बाजारात असलेल्या कुणीही विसरलेलं नसेल. ३१ मेच्या शुक्रवारी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. शनिवारी एक्झिट पोल आले आणि सोमवारी निर्देशांक २३,२६३.९० वर गेला. मंगळवारी, ४ जूनला लोकसभा निवडणुकीची मतमोजणी होती, त्या दिवशी बंद २१,८८४.५०. बुधवारी परत २२,६२०.३५. लॉग परताव्यात (आजचा भाव भागिले कालचा, त्याचा नैसर्गिक लॉग) सांगायचं तर अधिक ३.२०, उणे ६.११ आणि अधिक ३.३१ टक्के.

आता त्या बुधवारी संध्याकाळी कुणी विचारलं की निफ्टीची व्होलॅटिलिटी, म्हणजे भावाच्या चढउताराचं माप, किती, तर उत्तर काय द्यायचं?

समजा, त्याआधीचे दिवस शांत होते आणि रोजचं प्रमाण विचलन ०.८ टक्के होतं. वर्षाला २५० सत्रं धरली तर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १५.८ ने गुणून वार्षिक १२.६ टक्के. त्यात हे तीन दिवस मिसळून मागच्या २० सत्रांचं साधं गणित केलं, तर २९.५ येतात. जुन्या दिवसांचं वजन हळूहळू कमी करत जाणारी पद्धत, जिला सगळे ईडब्ल्यूएमए म्हणतात, ती ३१ सांगते. आणि एनएसईच्या पडद्यावर इंडिया व्हिक्स, म्हणजे ऑप्शनच्या भावांवरून काढलेला पुढच्या ३० दिवसांचा अंदाज, त्या संध्याकाळी १९ च्या आसपास होता. आदल्या दिवशी तो २७ च्या जवळ बंद झालेला. म्हणजे दोन पद्धती म्हणतात जोखीम वाढली, तिसरी म्हणते एका दिवसात धाडकन उतरली.

हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि याच मुद्द्यासाठी हा धागा काढलाय. व्होलॅटिलिटी भावासारखी दिसत नाही. पडद्यावर दिसतो तो भाव, व्होलॅटिलिटी त्यातून अंदाजायची असते. त्यामुळे आकडा सांगताना किती दिवसांचा, कुठल्या वारंवारतेचा, रात्रीची गॅप (आदला बंद भाव आणि सकाळचा उघडता भाव यातला फरक) धरून की सोडून, मागचा की पुढचा, हे सांगितलं नाही तर तो आकडा अर्धवट राहतो. मराठीत गुंतवणुकीवर भरपूर लिहिलं जातं, पण ही बाजू बहुतेक वेळा 'स्टँडर्ड डेव्हिएशन काढा' एवढ्यावर आटोपते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात सोपी पद्धत आधी. रोजच्या बंद भावांचे लॉग परतावे घ्यायचे, वर्ग करायचे, सरासरी काढायची, वर्गमूळ घ्यायचं. सरासरी परतावा वजा करायचा की नाही? छोट्या खिडकीत मी करत नाही. रोजचा सरासरी परतावा शून्याच्या इतका जवळ असतो की २० दिवसांत काढलेली सरासरी म्हणजे निव्वळ गोंगाट.

या पद्धतीच्या दोन अडचणी आहेत. पहिली, २० दिवसांच्या अंदाजाला स्वतःचीच मोठी चूक असते. परतावे नॉर्मल वितरणाचे मानले तरी प्रमाण विचलनाच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी साधारण १ भागिले (२n) चं वर्गमूळ एवढी असते. n म्हणजे २० ठेवून पाहा, जवळजवळ १६ टक्के येतात. म्हणजे गणितात १५ आले तर खरा आकडा १० पासून २० पर्यंत कुठेही असू शकतो. बाजाराची शेपटं नॉर्मलपेक्षा जाड, म्हणजे टोकाचे परतावे जास्त वेळा येतात, म्हणून प्रत्यक्षात त्रुटी याहूनही जास्त. वर्षभराचे २५० दिवस घेतले तर त्रुटी साडेचार टक्क्यांवर येते, पण तोवर बाजारच बदललेला असतो. दशांशानंतर दोन आकडे देऊन व्होलॅटिलिटी सांगणाऱ्या तक्त्यांकडे मी म्हणूनच संशयाने बघते.

दुसरी अडचण जास्त फसवी. वरच्याच उदाहरणात ते तीन दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यात २० दिवसांच्या खिडकीतून एकेक करून बाहेर पडले. बाकी दिवस शांतच होते असं धरलं, तर तीन सत्रांत अंदाज २९.५ वरून १२.६ वर घसरतो. त्या तीन दिवसांत बाजारात काहीही घडायची गरज नाही. आलेखात ही घसरण बघून 'जोखीम कमी झाली' असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत.

ईडब्ल्यूएमए यावरचा उपाय. आजचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) म्हणजे कालच्या व्हेरियन्सचे ९४ टक्के अधिक आजच्या परताव्याच्या वर्गाचे ६ टक्के. हा ०.९४ आकडा जे. पी. मॉर्गनच्या १९९४ च्या रिस्कमेट्रिक्समुळे जगभर रुळला. हाताने करून बघा, मजा येते. सुरुवातीचा व्हेरियन्स ०.८ चा वर्ग, ०.६४. सोमवारी त्याचे ९४ टक्के ०.६०, त्यात १०.२५ चे ६ टक्के म्हणजे ०.६२ मिळवले की १.२२. मंगळवारी त्याचे ९४ टक्के १.१४, अधिक ३७.३६ चे ६ टक्के २.२४, झाले ३.३९. बुधवारी ३.८४. वर्गमूळ १.९६, वार्षिक ३१. खिडकीच्या काठावरून दिवस धपकन पडण्याचा प्रकार इथे नाही, धक्का विरत जातो. ०.९४ ला धक्क्याचं वजन निम्मं व्हायला सुमारे ११ सत्रं लागतात.

आपल्याकडे हे नुसतं पुस्तकातलं नाही. भारतात निर्देशांकाचे फ्युचर्स जून २००० मध्ये सुरू झाले. त्याआधी १९९८ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या प्रा. जे. आर. वर्मा यांच्या समितीने सेबीसाठी मार्जिनची, म्हणजे सौद्यासाठी आगाऊ ठेवायच्या रकमेची, चौकट सुचवली, आणि तिच्या मुळाशी हाच ०.९४ वाला ईडब्ल्यूएमए होता. ९९ टक्के विश्वासपातळीसाठी नॉर्मल वितरणाच्या हिशेबाने दोन्ही बाजू धरून २.५८ सिग्मा (प्रमाण विचलनाच्या २.५८ पट) पुरतात, समितीने ३ सिग्मा घेतले. जाड शेपटांची दखल मार्जिनच्या नियमात अशी उतरते.

पुढे गार्च आहे, दिवसाच्या उच्चांक-नीचांकावरून अंदाज काढणाऱ्या पद्धती आहेत, पाच मिनिटांच्या डेटावरची रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी आहे. सगळं मी एकटीनेच लिहीत बसत नाही. इथे या विषयात मुरलेले लोक आहेत, त्यांनी भर घालावी.

श्रीरंग_नाशिक

मृदुलाताई, उत्तम धागा. मी निवृत्त बँक कर्मचारी, म्युच्युअल फंडात एसआयपी आणि थोडे थेट शेअर. २० दिवस आणि ११ दिवस या हिशेबाचा माझ्यासारख्याला उपयोग काय? मला पंधरा वर्षं थांबायचंय. शिवाय रोजचा आकडा १५.८ ने गुणला की वार्षिक होतो हे कितपत खरं?

मृदुला_द

काका, दुसरा प्रश्न फार नेमका आहे. वर्गमुळाचा नियम एका गृहीतकावर उभा आहे: रोजचे परतावे एकमेकांपासून स्वतंत्र आणि सगळ्या दिवसांचा व्हेरियन्स सारखा. बुधवारी आलेले ३१ म्हणजे 'पुढचं वर्षभर रोज असाच गोंधळ राहिला तर' एवढंच. तसं राहत नाही हे आपल्याला माहीत आहे. म्हणून वार्षिक आकडा मी केवळ तुलनेचं एकक मानते, वर्षाचं भाकीत मानत नाही. पंधरा वर्षांसाठी थांबणाऱ्याने मासिक परताव्यांवरून, निदान दहा वर्षांचा काळ घेऊन काढलेला आकडा बघावा, आणि त्यात २००८ आणि २०२० दोन्ही येतात का तेही बघावं. फक्त शांत वर्षं घेतलेला आकडा तुमच्या झोपेच्या कामाचा नाही.

अवधूत_एस

धाग्याबद्दल आभार. गार्चवर मी लिहितो, प्रबंधाचा विषय जवळचा होता.

बाजारात मोठ्या हालचालीमागे मोठी हालचाल येते आणि शांत दिवसांमागे शांत दिवस, हे मँडेलब्रॉटने १९६३ मध्ये कापसाच्या भावांवर लिहिताना नोंदवलं होतं. दिशा कुठलीही असो, आकार चिकटून येतो. या निरीक्षणाला चालणारं मॉडेल मिळायला १९८२ उजाडलं. रॉबर्ट एंगलचा आर्चवरचा पहिला लेख शेअर बाजारावर नव्हताच, ब्रिटनच्या महागाईवर होता. १९८६ मध्ये टिम बोलरस्लेव्हने त्याचा विस्तार केला, तो गार्च. एंगलला २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, क्लाइव्ह ग्रेंजरसोबत.

गार्च(१,१) मध्ये उद्याचा व्हेरियन्स तीन गोष्टींनी बनतो: एक स्थिर भाग ओमेगा, आजच्या धक्क्याचा वर्ग गुणिले अल्फा, आणि आजचा व्हेरियन्स गुणिले बीटा. ईडब्ल्यूएमए ही याचीच एक टोकाची अवस्था, जिथे ओमेगा शून्य आणि अल्फा अधिक बीटा बरोब्बर एक. त्या एकमुळे ईडब्ल्यूएमएला परतायला घरच नाही. आज ३१ म्हणाला की पुढच्या महिन्यालाही ३१, सहा महिन्यांनीही ३१. गार्चमध्ये बेरीज एकपेक्षा थोडी कमी असते, समजा ०.९८, तर धक्का निम्मा विरायला सुमारे ३४ सत्रं लागतात आणि अंदाज हळूहळू दीर्घकालीन पातळीकडे येतो. ती पातळी म्हणजे ओमेगा भागिले (एक वजा अल्फा वजा बीटा). श्रीरंगकाकांनी वर्गमुळाबद्दल विचारलं त्याचं उत्तर इथे आहे. गार्चमध्ये महिन्याचा अंदाज हवा तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा व्हेरियन्स काढून बेरीज करायची, एकाच आकड्याला गुणत बसायचं नाही.

शेअर निर्देशांकांत आणखी एक गोष्ट दिसते. तेवढ्याच आकाराची पडझड चढापेक्षा जास्त व्होलॅटिलिटी मागे ठेवते. ग्लॉस्टन, जगन्नाथन आणि रंकल यांच्या १९९३ च्या मॉडेलमध्ये पडझडीच्या दिवसाला वेगळा गुणक आहे, निफ्टीसाठी मी तेच वापरतो. आता १८ मे २००९ सारखा दिवस या नियमात बसत नाही. निवडणूक निकालानंतरच्या त्या सोमवारी निफ्टी १७ टक्क्यांहून जास्त वर जाऊन सर्किटला (हालचालीच्या ठरलेल्या मर्यादेला) लागला. वरच्या दिशेचा एवढा धक्का आला की साधं गार्च पुढचे कित्येक आठवडे अंदाज फुगवून ठेवतं.

वापरणाऱ्यांसाठी एक व्यवहारातली गोष्ट. पायथनमध्ये आर्च नावाचं पॅकेज आहे. परतावे ०.००८ अशा दशांशात देऊ नका, १०० ने गुणून टक्क्यांत द्या. नाहीतर ओमेगा इतका बारीक होतो की संगणकाला कमाल शक्यता शोधताना त्रास होतो. आणि धक्क्यांसाठी नॉर्मलऐवजी जाड शेपटांचं स्टुडंट-टी वितरण निवडा. किमान हजारभर सत्रं तरी हवीत, शंभर दिवसांवर गार्च बसवण्यात अर्थ नाही.

निफ्टीकर_ऑप्शन

मी ऑप्शन विकतो, रोजचं काम आहे. अवधूत, तुमचं गणित पटतं, पण ४ जूनच्या आधी तुमचं गार्च काय सांगत होतं? मागचे दिवस शांत, म्हणून १३-१४. आणि व्हिक्स २५ च्या आसपास. व्हिक्सला माहीत होतं की मतमोजणी आहे. मागच्या भावांवर चालणाऱ्या कुठल्याही पद्धतीला तारीख कळत नाही. बजेट, पतधोरण, निकाल या दिवशी माझ्या लेखी मागची व्होलॅटिलिटी कामाची नाही.

मृदुला_द

निफ्टीकर, पूर्ण सहमत, आणि तुमचाच मुद्दा आकड्यांत मांडते.

इंडिया व्हिक्स एनएसईने २००८ मध्ये आणला. तो निफ्टी ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित व्होलॅटिलिटी वार्षिक टक्क्यांत सांगतो. ३० दिवसांत साधारण २१ सत्रं. व्हिक्स २५ म्हणजे त्या २१ सत्रांचा एकूण व्हेरियन्स ६२५ गुणिले २१ भागिले २५०, म्हणजे ५२.५. आता समजा निवडणूक नसती तर बाजार वार्षिक १३ टक्क्यांनी हलला असता. एका सामान्य सत्राचा व्हेरियन्स १६९ भागिले २५०, म्हणजे ०.६८. अशी १९ सत्रं मिळून १२.८. उरले जवळपास ४०. हे ४० एक्झिट पोलनंतरच्या सोमवारचे आणि निकालाच्या मंगळवारचे. प्रत्यक्षात काय झालं? ३.२० चा वर्ग १०.३, ६.११ चा वर्ग ३७.४, बेरीज ४७.७.

म्हणजे ऑप्शनच्या बाजाराने त्या दोन दिवसांचा आकार बऱ्यापैकी ओळखला होता. दिशा नाही, फक्त आकार. आणि निकाल लागताच ते ४० गळून पडले, म्हणून व्हिक्स बुधवारी उतरला. ईडब्ल्यूएमए त्याच बुधवारी चढला, कारण त्याच्या लेखी तो धक्का इतर कुठल्याही धक्क्यासारखाच.

एक खबरदारी मात्र हवी. व्हिक्समध्ये विमा विकणाऱ्याचा, म्हणजे ऑप्शन विकणाऱ्याचा, नफाही मिसळलेला असतो. जगभरच्या निर्देशांकांत ऑप्शनमधली व्होलॅटिलिटी नंतर प्रत्यक्ष घडलेल्या व्होलॅटिलिटीपेक्षा सरासरीने जास्त असते. तुमचा व्यवसाय त्याच फरकावर चालतो. त्यामुळे व्हिक्स १५ म्हणजे 'बाजार १५ टक्के हलेल' असा शब्दशः अर्थ घेऊ नये.

सायली_डेटा

वाखू (वाचनखूण) साठवली. माझं काम डेटा स्वच्छ करण्याचं, तेव्हा त्या बाजूने चार गोष्टी सांगते. मॉडेल निवडण्याआधी या बघितल्या नाहीत तर पुढचं सगळं वाया.

बोनस आणि स्प्लिट. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, २८ ऑक्टोबरपासून भाव निम्म्यावर. कच्चे भाव घेतले तर त्या दिवशी लॉग परतावा उणे ६९ टक्के येतो. गुंतवणूकदाराचं काहीच गेलेलं नाही, पण २० दिवसांची व्होलॅटिलिटी अडीचशेच्या जवळ पोचते. समायोजित भावच वापरा. आणि ज्या साइटवरून घेता तिथे उघडता, उच्च, नीच हे तिन्हीही समायोजित आहेत की फक्त बंद भाव, ते एखाद्या बोनसच्या तारखेला स्वतः बघा. उच्चांक-नीचांकावरच्या पद्धतीत हे बंद भावाइतकंच महत्त्वाचं.

बंद भाव. २०२५ पर्यंतच्या एनएसईच्या डेटात शेअरचा बंद भाव म्हणजे साडेतीनला झालेला शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. उच्चांक आणि नीचांक मात्र प्रत्यक्ष सौद्यांचे. चारही भाव एकाच जातीचे मानणाऱ्या सूत्रांत इथे बारीक गडबड होते. ज्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत बाजार धावतो, त्या दिवशी हालचालीचा काही भाग बंद भावात येतच नाही, दुसऱ्या दिवशीच्या परताव्यात जातो.

मुहूर्ताचं सत्र. लक्ष्मीपूजनाचं सत्र तासाभराचं. त्याला पूर्ण दिवस धरलं तर उच्च-नीच अंतर नैसर्गिकपणेच लहान येतं. मी ते पुढच्या सत्रात मिसळते. पण सुटीच्या दिवशी भरणारी सगळी सत्रं अशी छोटी नसतात. १ फेब्रुवारी २०२५ चा बजेटचा शनिवार पूर्ण वेळेचा होता, तो ठेवायचा.

आणि रात्र. आपला बाजार साडेतीनला बंद होतो, अमेरिकेचा आपल्या संध्याकाळी उघडतो. तिकडची सगळी उलथापालथ आपल्याकडे सकाळी सव्वानऊला गॅप म्हणून येते.

अवधूत_एस

सायली, शेवटच्या मुद्द्याला जोडून उच्च-नीचवाल्या पद्धती सांगतो, कारण त्या रात्रीवरच अडतात.

पार्किन्सनने १९८० मध्ये दाखवलं की दिवसाचा उच्चांक भागिले नीचांक, त्याच्या लॉगचा वर्ग, भागिले (४ गुणिले २ चा लॉग), एवढ्यावरून व्हेरियन्स काढता येतो. आणि आदर्श परिस्थितीत तो बंद भावांवरच्या अंदाजापेक्षा सुमारे पाचपट काटेकोर असतो. कारण उघड आहे. बाजार दिवसभरात दोन टक्के खाली जाऊन जिथल्या तिथे परत आला तर बंद भावाला त्याचा पत्ताच नसतो.

४ जूनचंच घ्या. निफ्टीचा उच्चांक सुमारे २३,१८०, नीचांक २१,२८१. भागाकाराचा लॉग ८.५४ टक्के, त्याला १.६६५ ने भागलं की ५.१३ टक्के. एका दिवसाच्या डेटावरून.

१९८० मध्येच गार्मन आणि क्लास यांनी उघडता आणि बंद भाव घालून हे आणखी सुधारलं. १९९१ मध्ये रॉजर्स आणि सॅचेल यांचं सूत्र आलं, ते बाजार एका दिशेला वाहत असतानाही चालतं. पण या सगळ्यांत रात्र नाही. सव्वानऊ ते साडेतीनच्या आतलीच हालचाल मोजली जाते. निफ्टीसाठी हा मोठा तोटा, अंदाज खाली येतो. २००० सालचं यांग-झँग सूत्र रात्रीची गॅप, उघडल्यापासून बंदपर्यंतची हालचाल आणि रॉजर्स-सॅचेल यांची भारित बेरीज करतं. रोजचे चार भाव एवढंच हातात असेल तर माझी पसंती यांग-झँगला.

पणजीकर

छान चर्चा. एक प्रश्न. माझ्याकडे काही स्मॉलकॅप आहेत, पाच टक्क्यांच्या सर्किटमधले. एक शेअर सलग पाच दिवस लोअर सर्किटला होता, विकायला गेलो तर घेणारा नाही. ज्या अ‍ॅपवर मी बघतो तिथे त्याची आठवड्याची व्होलॅटिलिटी जवळपास शून्य दाखवत होते! हे कसं?

मृदुला_द

पणजीकर, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

रोज उणे पाच टक्के, पाच दिवस. सरासरी उणे पाच. प्रत्येक दिवसाचं सरासरीपासून अंतर शून्य, म्हणून प्रमाण विचलन शून्य. अ‍ॅपने सरासरी वजा करणारं सूत्र वापरलं असणार. सरासरी वजा न करता केलं तर रोजचे ५.१ टक्के येतात, वार्षिक ८१. उच्च-नीचवाल्या पद्धतीही इथे उपयोगाच्या नाहीत. शेअर सर्किटलाच उघडला आणि तिथेच राहिला, तर उघडता, उच्च, नीच, बंद चारही एकच. पार्किन्सनही शून्य, गार्मन-क्लासही शून्य. आणि इकडे तुमचे पाच दिवसांत साडेबावीस टक्के गेलेले.

५.१ सुद्धा खरा आकडा नाही. सर्किटमुळे भाव पाचावर अडवलाय, अडवला नसता तर पहिल्याच दिवशी कदाचित वीस पडला असता. संख्याशास्त्रात अशा डेटाला सेन्सॉर्ड म्हणतात. निरीक्षण एवढंच सांगतं की पडझड निदान पाच टक्के होती. अशा शेअरसाठी रोजचे परतावे सोडून आठवड्याचे घ्या, आणि सर्किटला लागलेले दिवस किती हे वेगळं मोजा. व्होलॅटिलिटीच्या एका आकड्यात विकता न येण्याची जोखीम मावत नाही.

निर्देशांकालाही हे थोडं लागू आहे. २३ मार्च २०२० ला सकाळीच दहा टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर पडझड चालूच राहिली आणि निफ्टी जवळपास १३ टक्के खाली ७,६१०.२५ वर बंद झाला. पाच मिनिटांच्या डेटात त्या ४५ मिनिटांच्या जागी आधीचाच भाव भरलेला असतो, नऊ शून्य परतावे. ते शून्य म्हणजे शांतता नव्हे. पण लगेच त्यांना काढूनही टाकू नका. थांबल्याच्या आधीचा भाव ते सुरू झाल्यानंतरचा पहिला भाव हा एकच परतावा म्हणून घ्या.

निफ्टीकर_ऑप्शन

पाच मिनिटंच का? माझ्याकडे एका मिनिटाचा डेटा आहे, टिकही, म्हणजे प्रत्येक सौद्याचा भाव, मिळतो. जास्त डेटा म्हणजे जास्त अचूक, नाही का?

अवधूत_एस

कागदावर तसंच आहे. दिवसभरातल्या छोट्या परताव्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे रिअलाइज्ड व्हेरियन्स, आणि तुकडे जितके बारीक तितका तो खऱ्याच्या जवळ. पण टिकच्या पातळीवर भाव खरा राहत नाही. एकाच शेअरचा सौदा कधी घेणाऱ्याच्या भावाला होतो, कधी विकणाऱ्याच्या. खरी किंमत जागची हलली नाही तरी पडद्यावरचा भाव वर-खाली उड्या मारतो, आणि त्या उड्यांचे वर्ग बेरजेत जमा होतात. त्यामुळे एकट्या शेअरला बारीक तुकडे केले की अंदाज फुगतो. निफ्टी निर्देशांकाचं उलट होतं. ५० शेअर एकाच क्षणी हलत नाहीत, काही मागून येतात, म्हणून लागोपाठचे परतावे एकाच दिशेचे दिसतात आणि बारीक तुकड्यांवरचा अंदाज कमी येतो.

पाच मिनिटं ही तडजोड आहे. ३७५ मिनिटांच्या सत्रात ७५ परतावे. स्वतः तपासायचं तर १, २, ५, १०, १५, ३० मिनिटांवर रिअलाइज्ड व्हेरियन्सची बऱ्याच दिवसांची सरासरी काढून आलेख करा. जिथे रेष सपाट होते तिथला सगळ्यात बारीक तुकडा घ्या. टिक वापरायचाच असेल तर झँग, मिकलँड आणि आयत-साहालिया यांची २००५ ची दोन वेगांची पद्धत आहे, ती गोंगाट वेगळा काढते.

हातात रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी असेल तर अंदाजासाठी गार्चही लागत नाही. कोर्सीचं २००९ चं हार (एचएआर) मॉडेल घ्या: उद्याची रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी ही आजची, मागच्या आठवड्याच्या सरासरीची आणि मागच्या महिन्याच्या सरासरीची साधी रेषीय बेरीज. एक्सेलमध्ये होतं. इतकं साधं असून ते जडजड मॉडेलांना टक्कर देतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

श्रीरंग_नाशिक

एवढ्या पद्धती असताना कुठली बरोबर ठरली हे कसं ठरवता? खरा आकडा तर कुणालाच दिसत नाही म्हणता.

अवधूत_एस

काका, या प्रश्नाने या विषयाची बरीच वर्षं घेतली. सुरुवातीला लोक गार्चचा अंदाज दुसऱ्या दिवशीच्या परताव्याच्या वर्गाशी ताडून बघत, आणि अंदाज फारच वाईट दिसे. १९९८ मध्ये अँडरसन आणि बोलरस्लेव्ह यांनी दाखवलं की दोष मोजपट्टीत आहे. एका दिवसाच्या परताव्याचा वर्ग फार गोंगाटी असतो. मॉडेल तंतोतंत बरोबर असलं आणि परतावे नॉर्मल असले तरी साधारण तीनपैकी दोन दिवशी तो वर्ग खऱ्या व्हेरियन्सपेक्षा कमीच येतो, आणि अधूनमधून कितीतरी पट जास्त. पाच मिनिटांची रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी मोजपट्टी म्हणून घेतली की तेच गार्च चांगलं ठरलं.

२००५ मध्ये हॅन्सन आणि लुंडे यांनी ३३० मॉडेलं समोरासमोर उभी केली. विनिमयदरासाठी साध्या गार्च(१,१) ला हरवणारं काही सापडलं नाही. आयबीएमच्या शेअरसाठी मात्र पडझडीला वेगळं वजन देणारी मॉडेलं सरस निघाली. निफ्टीवर मी जगन्नाथन यांच्या गुणकाकडे वळलो ते यामुळेच.

सायली_डेटा

एक जोडते. तुलना करताना अंदाजातली चूक कशी मोजता यानेही निकाल फिरतो. व्हेरियन्समधल्या फरकाचा वर्ग घेतला तर २३ मार्च २०२० सारखा एक दिवस बाकी हजार दिवसांना गिळून टाकतो. आम्ही क्यूलाइक नावाचं माप घेतो. खरा व्हेरियन्स भागिले अंदाज, त्यातून त्याचाच लॉग वजा, त्यातून एक वजा. अंदाज कमी पडला की हे जास्त शिक्षा करतं, आणि मार्जिन ठरवणाऱ्याला तेच हवं असतं.

निफ्टीकर_ऑप्शन

मृदुलाताई, मग माझ्यासारख्याने रोज सकाळी काय बघावं? एकच सांगा.

मृदुला_द

एकच नाही सांगता येणार, पण तीन रकाने पुरतील. पहिल्यात पाच मिनिटांच्या डेटावरचं हार मॉडेल, त्यात रात्रीच्या गॅपचा वर्ग वेगळा मिळवून. दुसऱ्यात व्हिक्स. तिसऱ्यात पुढच्या २१ सत्रांत येणाऱ्या ठरलेल्या तारखा: पतधोरण, बजेट, निकाल, अमेरिकेच्या फेडची बैठक. पहिल्या दोन रकान्यांत मोठा फरक असेल आणि तिसरा रकाना भरलेला असेल, तर वर केलं तसं व्हेरियन्स वजा करून त्या तारखेला बाजार किती हालचाल धरून बसलाय ते काढा. तिसरा रकाना रिकामा असूनही फरक मोठा असेल, तर तो तुम्हाला मिळणारा विम्याचा हप्ता आहे, किंवा बाजाराला असं काही दिसतंय जे तुमच्या डेटात अजून आलेलं नाही. त्या दिवशी विकण्याचं प्रमाण कमी ठेवा.

हारसाठीची एक्सेल फाइल बनवते आहे. सायली, मुहूर्ताची सत्रं आणि ४५ मिनिटांचा थांबा तुमच्या पद्धतीने त्यात घालून द्याल का?

सायली_डेटा

देते. २०१५ पासूनची निफ्टीची सत्रं लावून ठेवली आहेत. बंद भावाचे दोन रकाने ठेवते, एक अर्ध्या तासाच्या सरासरीचा आणि एक शेवटच्या पाच मिनिटांच्या तुकड्याचा, म्हणजे ज्याला जो हवा तो घेता येईल.